वंशावळीत न सापडणाऱ्या विधवा आणि पोरकी मुलं: कोर्टकचेरीच्या कागदांत माग कसा काढायचा?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या घराण्याची वंशावळ चुलत आजोबांनी एका जाड वहीत उतरवून ठेवली आहे. खेड तालुक्यातलं (जि. पुणे) शेतकरी घर. मूळ पुरुषापासून सात पिढ्या आहेत. प्रत्येक नावाखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. बाई एकही नाही. जो मुलगा लहानपणी पोरका झाला, त्याची फांदी सरळ चुलत्याच्या नावाखाली लावून टाकलेली.

माझ्या पणजोबांचं असंच झालं आहे. त्यांचे वडील १९१८ च्या मानमोडीच्या साथीत गेले. पणजोबा तेव्हा जेमतेम चालायला-बोलायला लागलेले. आईबद्दल घरात विचारलं की "ती गेली" एवढंच उत्तर मिळतं. कुठे गेली, वारली की आणखी काही, कुणी बोलत नाही. तिचं नावसुद्धा कुणाला सांगता येत नाही.

'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या जुन्या फेरफारांत (जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींत) १९१९ ची एक नोंद सापडली. मयताचं नाव कमी करून मुलाचं नाव लागलं आहे, पुढे "अज्ञान, अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयाने लहान मुलाचा पालक) आणि चुलत्याचं नाव. मला अडकायला झालंय ते इथेच. आई हयात असती तर पालनकर्ती तीच लागली नसती का? म्हणजे तीही साथीत गेली असं धरायचं?

अशा विधवांचा आणि पोरक्या मुलांचा माग कायद्याच्या कागदांतून कुणी काढला आहे का? कुठले कागद, कुठे मिळतात, कसे वाचायचे, सगळं सांगा. तिला नावानिशी वहीत आणायचं आहे.

चावडीवाले काका

ताई, १९१९ ची नोंद मिळाली म्हणजे अर्धं काम झालं. आपल्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्याआधी आजच्या अर्थाचा फेरफारच नव्हता.

पण नुसती नावं वाचून थांबू नका. फेरफाराला चार रकाने असतात. पहिल्यात नोंदीचा क्रमांक. दुसरा सगळ्यात रुंद, त्यात तलाठ्याने हकिगत लिहिलेली असते: वर्दी कुणी दिली, मयत कधी झाला, वारस कोण कोण, कुणाचं नाव का लावलं. तिसऱ्यात सर्व्हे नंबर. चौथ्यात सर्कलचा (मंडळ अधिकाऱ्याचा) किंवा अव्वल कारकुनाचा शेरा आणि सही. स्कॅनमध्ये चौथा रकाना बहुतेक वेळा कापला जातो किंवा पुसट येतो, आणि नेमकं तिथेच "वारसांपैकी अमुक हजर, कबूल" किंवा "सदर बाईचा हक्क नाही" असं काहीतरी असतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मूळ पान बघून नक्कल घ्या.

दुसरं, गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं काढा. त्या महिन्यात रोज चार-चार, सहा-सहा नावं, कारणाच्या रकान्यात नुसतं "ताप". तिथे तिचं नाव असेल तर प्रश्न मिटला.

नसेल तर माझ्या मते पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. चुलता पालनकर्ता लागला याचा अर्थ बहुतेक वेळा आई घर सोडून गेली असाच निघतो. मी नोकरीत असताना अशा कितीतरी नोंदी पाहिल्या आहेत.

रानजाई

वाचतेय. आमच्याकडेही हीच कथा, फक्त गाव कोल्हापूरकडचं. वाचनखूण साठवली.

काळाकोट

काकांनी पाटाचं म्हटलंय त्याला कायद्याची बाजू जोडतो, कारण तिथूनच पुढचे कागद निघतात.

१८५६ चा हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा आपण सुधारणेचा कायदा म्हणून शाळेत शिकलो. पण त्याचं दुसरं कलम असं की विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हक्क संपतो, जणू ती मेलीच. ज्या जातींत पाट आधीपासून चालत होता त्यांना हे लागू करायचं की नाही यावर हायकोर्टांत एकमत नव्हतं. अलाहाबादने नाही म्हटलं, मुंबईने हो म्हटलं. त्यामुळे आपल्याकडे कुणब्या-मराठ्यांच्या, माळ्यांच्या बायकांनी पाट लावला की फेरफारातून नाव कमी होत असे. तुमचे "ती गेली" हे दोन शब्द या कलमाशी जुळतात.

तिसरं कलम याहून उपयोगाचं. आईने पुन्हा लग्न केलं तर मयत नवऱ्याच्या नातलगांना मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागण्याचा अर्ज कोर्टात करता येत असे. मिळकत बऱ्यापैकी असेल तर असा अर्ज झालेला असू शकतो. आपल्या इलाख्यात १८६४ पासून अज्ञान मुलांच्या मिळकतीसाठी वेगळा कायदा होता, पुढे १८९० चा गार्डियन अँड वॉर्ड्स अॅक्ट आला. १८९० च्या कायद्याखालच्या अर्जात काय काय लिहावं लागतं बघा: मुलाचं नाव, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, मिळकतीचं वर्णन आणि किंमत, आणि जवळचे नातलग कोण व ते कुठे राहतात. एका अर्जात अख्खं घर उतरलेलं असतं, आजोळसकट. जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये 'किरकोळ अर्ज' म्हणून नोंद सापडेल. सगळे कागद कायम ठेवत नाहीत, मुदत संपली की नष्ट करतात, पण हुकूम आणि रजिस्टरं जास्त काळ टिकतात. म्हणून आधी रजिस्टर मागा, फाइल मागाहून.

वय काढताना एक काळजी घ्या. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याप्रमाणे एरवी १८ व्या वर्षी माणूस सज्ञान होतो, पण कोर्टाने पालक नेमला असेल तर तेव्हा २१ व्या वर्षी होत असे. १९३३ च्या कागदात कुणी "अज्ञान" दिसला म्हणून त्याचा जन्म १९१५ नंतरचाच असं धरू नका. या तीन वर्षांच्या फरकाने मी लोकांना दोन सख्ख्या भावांची अदलाबदल करताना पाहिलं आहे.

मोगरा

विषय चांगला आहे पण मनापासून विचारते, हे उकरून काय साधणार? ज्या बाईने पाट लावला तिच्याबद्दल घरात शंभर वर्षं कुणी बोललं नाही. आता म्हाताऱ्या माणसांना ते कळून त्रासच व्हायचा. आमच्याकडे असं एक प्रकरण निघालं आणि दोन घरांत बोलणं बंद झालं.

इंद्रायणीकाठ

मोगराताई, तुमचा मुद्दा समजतो. म्हणूनच मी आत्यांना आधी विचारलं. मोठ्या आत्या (वडिलांच्या आत्या, पणजोबांची लेक) ८० च्या पुढच्या आहेत. त्या म्हणाल्या, "शोध गं, माझ्या बापाला आईचं नाव सांगता येत नव्हतं, शाळेच्या दाखल्यावर चुलतीचं नाव होतं." एवढं ऐकल्यावर मला थांबता येत नाही.

भीमथडी

@मोगरा, पाट ही शेतकरी जातींत लपवायची गोष्ट नव्हतीच. ते लपवणं पुढच्या पिढ्यांनी आणलं, वरच्या म्हणवणाऱ्यांची रीत बघून. पेशवाईत सरकार पाटावर 'पाटदाम' नावाची पट्टी घेत होतं, म्हणजे गोष्ट राजरोस चावडीवर नोंदवली जात होती. खापरपणजी चुकीचं काही वागली नाही. विशी-पंचविशीची बाई, पोर पदरात, नवरा साथीत गेलेला. तिने काय करायला हवं होतं?

मोगरा

@भीमथडी, तिने चूक केली असं मी म्हटलेलं नाही. घरातल्यांशी बोलून करा एवढंच माझं म्हणणं, आणि इंद्रायणीकाठ यांनी ते आधीच केलंय. मी पण वाचत राहीन.

मोडीवाचक

आता थोडं मागच्या काळाबद्दल, कारण धाग्याचं नाव व्यापक आहे.

जुन्या कागदांत बाई शोधायची तर नवऱ्याच्या नावापासून सुरुवात करावी लागते. पुण्याकडच्या कागदांत "काशी कोम धोंडी" किंवा "काशीबाई मर्द धोंडो" अशी नावं येतात. दोन्हींचा अर्थ धोंडीची बायको एवढाच. कोम किंवा मर्द यावरून नवरा जिवंत की मयत ते कळत नाही. ते कळतं पुढच्या "मयत" किंवा "गं. भा." (गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधी लावतात) वरून, नाहीतर ती स्वतः अर्जदार आहे यावरून. नवरा असताना बाई सरकारात अर्ज करताना क्वचितच दिसते. ती एकदम कागदावर बोलायला लागली की समजावं, घरात काहीतरी घडलं आहे.

तुमचं घर वतनदार किंवा इनामदार असेल तर सोन्याची खाण आहे. इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले, त्यानंतर इनामदारांना आपापल्या कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या. दत्तक घेतला असेल तर तो कधी घेतला, सरकारची परवानगी होती का, नजराणा भरला का, सगळं विचारलं जाई. पुण्याच्या पुराभिलेखागारात हे दप्तर आहे, बहुतेक मोडीत.

आता इशारा. कोर्टात किंवा कमिशनपुढे दिलेली वंशावळ ही वंशावळ म्हणून दिलेली नसते, ती दावा म्हणून दिलेली असते. ज्याला मिळकत हवी त्याने ती बनवलेली. त्यात चुलत भाऊ "निपुत्रिक मयत" दाखवला असेल तर तो खरंच निपुत्रिक होता याला तेवढा आधार पुरत नाही. त्याची विधवा आणि लहान मुलगी मजेत हयात असू शकतात. म्हणून माझा नियम: वादीची वंशावळ मिळाली की प्रतिवादीची कैफियत मिळेपर्यंत वहीत शाईने काही लिहायचं नाही. दोन्ही बाजूंनी जे नाव कबूल केलं ते पक्कं. एका बाजूने वगळलेलं आणि दुसऱ्या बाजूने आवर्जून घातलेलं नाव दिसलं तर तिकडेच शोध घ्या, बहुतेक वेळा ती विधवाच निघते.

पाटलाची पोर

मोडीवाचक, "शाईने काही लिहायचं नाही" हे आमच्या वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग आपली वही पेन्सिलीनेच लिहायला हवी होती, तीनदा वाटणीचे दावे झालेत." :)

शनिवारपेठी

विधवेचं आयुष्य कायद्याच्या कागदांत किती बारकाईने उतरतं त्याचं ठळक उदाहरण म्हणजे ताई महाराज प्रकरण. आपण ते लोकमान्यांच्या चरित्रातला खटला म्हणून वाचतो. ताई महाराजांचे पती बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ ला पुण्यात गेले. मृत्युपत्रात टिळक आणि खापर्डे वगैरे विश्वस्त. पत्नी तेव्हा गरोदर. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांत गेला. मग दत्तकाचा प्रश्न. जून १९०१ मध्ये औरंगाबादला एक दत्तक झाला, आणि त्याच वर्षी पुढे कोल्हापूरला ताई महाराजांनी दुसरा घेतला. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट) गेला, १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल.

राजकारण बाजूला ठेवून त्यातली साक्ष वाचा. एका तरुण विधवेच्या प्रवासाचे दिवस, सोबत कोण होतं, कोण काय बोललं, घरचा खर्च, सगळं तिथे आहे. ताई महाराज १९०३ मध्येच वारल्या. त्यांचं आयुष्य इतक्या तपशिलात टिकलं ते केवळ भांडण झालं म्हणून. जिथे सगळं सुरळीत झालं तिथली विधवा कागदावर येतच नाही.

काळाकोट

शनिवारपेठींच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. दत्तकावरून आठवलं. आपल्या मुंबई इलाख्यात, महाराष्ट्र देशाच्या परंपरेप्रमाणे, विभक्त नवऱ्याच्या विधवेला नवऱ्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता येत असे. बंगालमध्ये किंवा मद्रासकडे असं नव्हतं. त्यामुळे आपल्याकडे नवरा गेल्यावर वीस-तीस वर्षांनीही दत्तक झालेले दिसतात आणि त्यावरचे दावे तर विचारूच नका. वंशावळीत बाप वारल्यावर पुष्कळ वर्षांनी जन्मलेला मुलगा दिसला तर दचकू नका, दत्तक शोधा.

नोंदणी कार्यालयात पुस्तक क्रमांक ३ हे मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याच्या अधिकारपत्रांसाठी असतं. त्याची नक्कल पुस्तक १ सारखी कुणालाही मिळत नाही, आधी नियम विचारून जा. दस्तांच्या सूचींपैकी इंडेक्स टू सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो मिळकतीवरून शोधण्याचा. नावावरून शोधायचं तर इंडेक्स वन.

आणखी एक महत्त्वाचं. १९५६ च्या वारसा कायद्याआधी विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता हक्क असे. तिने जमीन विकली तर "कायदेशीर गरज" दाखवावी लागे: लेकीचं लग्न, नवऱ्याचं कर्ज, तीर्थयात्रा, श्राद्ध. खरेदीखतात हे कारण लिहिलेलं असतं, म्हणजे लेकीचं नाव आणि तिच्या लग्नाचा सुमार आयता मिळतो. बाई वारली की नवऱ्याचे लांबचे वारस ती विक्री रद्द करायला उभे राहत, आणि मुदत तिच्या मृत्यूपासून १२ वर्षं. म्हणून अशा दाव्यात बाईची मृत्यूची तारीख हा वादाचाच मुद्दा असतो, साक्षीपुरावे घेऊन ठरवलेला. त्या काळच्या खेड्यातल्या बाईची मृत्यूची तारीख इतकी घासून-पुसून दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळणार नाही.

मांडवीकाठ

गोव्याचा प्रतिसाद आला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पोर्तुगीज दिवाणी संहिता, १८६७ ची, गोव्यात १८७० पासून. माणूस वारला आणि वारसांत अज्ञान मूल असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी (वारस आणि मिळकत यांची नोंद व वाटणी) करणं सक्तीचं. मग घर श्रीमंत असो की साधं. त्यामुळे पोरक्या मुलांच्या बाबतीत आमचे कागद घाटावरच्यापेक्षा भरलेले असतात.

इन्व्हेंटरीत सुरुवातीलाच कुटुंबप्रमुखाचं (बहुतेक वेळा विधवेचं) शपथेवरचं निवेदन असतं: मयत कधी, कुठे, लग्न कुणाशी, मुलं किती, वयं काय. मग घरातल्या वस्तूंची यादी, तांब्याच्या भांड्यांपासून माडांपर्यंत. अज्ञानांच्या हितासाठी कोर्टाचा वेगळा अधिकारी, आणि एक कुटुंबमंडळ: पाच जवळचे नातलग, तीन बापाकडचे आणि दोन आईकडचे. हे दोन आईकडचे म्हणजे आजोळचा दरवाजा. माझ्या आज्जीच्या आईचं माहेर मला असंच सापडलं, तिच्या भावाची सही होती. कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, पण साचा ठरलेला असतो, थोड्या सरावाने नावं आणि नाती वाचता येतात.

त्याहून मागे गेलात तर अवघड प्रकरण आहे. १५५९ च्या राजाज्ञेने आईबाप आणि आजीआजोबा नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करायचं, बाप्तिस्मा द्यायचा असं ठरलं. पुष्कळ कुटुंबं मुलांना घेऊन रातोरात नदीपलीकडे गेली. गोव्याबाहेर गेलेल्या घराण्यांच्या पळून जाण्याच्या कथांत मुलांना लपवून नेल्याचा उल्लेख येतो तो उगाच नाही.

रानजाई

मांडवीकाठ, प्रतिसाद फार आवडला. तीन बापाकडचे, दोन आईकडचे! आमच्याकडे एवढं असतं तर हा धागाच लागला नसता.

लाल मातीचा

सगळं वाचलं. पण हे सगळं जमीनजुमला असलेल्यांचं चाललंय. माझे खापरपणजोबा दुष्काळात सापडलेलं पोर. ना सातबारा, ना दावा, ना वतन. अशा पोरक्यांनी कुठे शोधायचं?

अनाथगृह_अभ्यासक

लाल मातीचा, तुमचा प्रश्न या धाग्यात सगळ्यात आधी यायला हवा होता. मिळकत नसेल तर दिवाणी कोर्टाचे कागद गप्प बसतात, मग संस्थांकडे वळायचं.

१८५० च्या १९ व्या कायद्याने अनाथ आणि गरीब मुलांना मॅजिस्ट्रेटमार्फत कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय झाली. तसा करार झाला तर मुलाचं नाव, वय आणि मालकाचं नाव कागदावर येतं. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंढरपूरचं १८७५ चं. १८९६ मध्ये कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन, जिथे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत शेकडो मुली-बायका आणल्या गेल्या. त्या मध्य प्रांतातून, गुजरातेतून आलेल्या होत्या. त्यामुळे तुमचं मूळ पोर ज्या गावात वाढलं तिथलंच असेल असं धरू नका. कुठला दुष्काळ, कुठली संस्था, तिथे कुठून मुलं आली, या क्रमाने जा.

संस्थांची प्रवेश रजिस्टरं खुली नसतात आणि नसावीतही. तुम्ही थेट वंशज आहात हे दाखवणारे कागद घेऊन लेखी अर्ज करा, धीर धरा. मला एका ठिकाणी दारातूनच परत पाठवलं, तिथल्याच पुढच्या व्यवस्थापकांनी बसवून पान वाचून दाखवलं.

यशवंतचं उदाहरण ठाऊक असेलच. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, १८७४ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, आणि १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केलं. जन्मदात्या आईचं नाव इतिहासात राहिलं असं पोरकं मूल विरळाच.

सातारी_जवान

पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या विधवांसाठी: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी नेटवर आहे. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, काहींत बायकोचंही. स्पेलिंगची पार वाट लागलेली असते, गावाचं नाव मोठ्याने वाचून बघायचं. माझ्या पणजीचं नाव घरात कुणाला माहीत नव्हतं, ते तिथे मिळालं.

गोदाकाठचा

मराठवाड्याचं कुणी बोललं नाही. निजामाच्या काळातले कागद उर्दूत. बाईच्या नावापुढे "जौजे" म्हणजे नवऱ्याचं नाव येणार, "बेवा" असेल तर नवरा मयत. हा दोन शब्दांतला फरक आमच्याकडे फार उपयोगी पडतो, घाटाकडच्या कोमपेक्षा नेमका. इनामी घर असेल तर मुंतखब (इनामाचा दाखला) आणि अतियातची (इनाम खात्याची) विरासत प्रकरणं बघा, त्यात वारसांची चौकशी असते. साध्या शेतकऱ्यासाठी १९५४ चं खासरा पत्रक (जमीन कुणाच्या नावावर त्याचा तक्ता) हा पाया. हल्ली कुणबी नोंदींच्या शोधामुळे पुष्कळ जुनी रजिस्टरं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. लोक जात बघून बाहेर पडतात. जरा थांबून बायकांची नावंही बघा, तिथेच आहेत.

त्र्यंबकची नात

अवांतर: तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरू नका. नाशिक-त्र्यंबकला अस्थी घेऊन आलेली विधवा आणि सोबतचा लहान मुलगा यांची नोंद आमच्या आजोबांच्या वहीत कितीतरी ठिकाणी आहे, खाली गाव आणि सोबत आलेल्या दिराचं किंवा भावाचं नाव. कोर्टातही या वह्या वंशावळीचा पुरावा म्हणून आणल्या जात.

इंद्रायणीकाठ

मंडळी, काकांनी सांगितल्याप्रमाणे तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन आले.

नमुना १४ मध्ये १९१८ च्या ऑक्टोबरात पणजोबांचे वडील आहेत. "ताप", वय २६. त्याच पानावर त्यांच्या घरातली आणखी दोन नावं. ती नाही. १९२० च्या अखेरपर्यंत पाहिलं, नाही.

मग फेरफाराचं मूळ पान काढलं. स्कॅनमध्ये कापलेला चौथा रकाना. बारीक, उतरत्या अक्षरात सर्कलचा शेरा आहे. आधी तिचं नाव, कोम करून मयताचं नाव, मग "हिने पाट लावला असून मौजे" आणि आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाचं नाव, "येथे नांदते. सबब हक्क नाही. मुलगा चुलत्याकडे." खाली अंगठा चुलत्याचा. तिचा अंगठा किंवा जबाब नाही.

तिचं नाव मिळालं. इथे लिहीत नाही, आधी आत्यांना सांगायचं आहे.

पुढचं कसं शोधू? दुसऱ्या नवऱ्याचं नाव शेऱ्यात नाही.

भीमथडी

"नांदते." म्हणजे १९१९ मध्ये ती दोन डोंगरांपलीकडे जिवंत होती आणि मुलगा इकडे. काळीज हललं वाचून. ताई, शोधा पुढे.

काळाकोट

छान काम. आता गाव माहीत आहे, नवरा माहीत नाही, तर उलटं जायचं. त्या गावच्या १९३० ते १९६५ च्या फेरफारांत वारसाच्या नोंदी बघा, ज्यात विधवेचं नाव लागलं आहे अशा. १९३७ च्या कायद्याने विधवेला हक्क दिला, पण १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने तो शेतजमिनीला लागू नाही म्हटलं आणि मग प्रांतांना आपापले कायदे करावे लागले. त्यामुळे १९४० च्या दशकापर्यंत तिचं नाव लागलं नसेल तरी निराश होऊ नका. १९५६ नंतर लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि तिला दुसऱ्या घरी मुलं झाली असतील तर तिच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत ती सगळी येतील. ती तुमच्या पणजोबांची सावत्र नव्हे, एका आईची भावंडं.

मोडीवाचक

काळाकोट यांना पुरवणी: पाट लावताना नाव बदलण्याची शक्यता धरा. पहिलं नाव मिळालं म्हणून फक्त त्याच नावावर अडू नका, वय आणि सुमार जुळवा. गावचा नमुना १४ इथेही बघा. १९२० ते १९३० मध्ये जन्मलेल्या मुलांच्या नोंदी, आणि पुढे तिचा मृत्यू. आणि तुमच्या गावच्या शेऱ्यात मोडी अक्षर कुठे अडलं तर फोटो टाका, इथे दोघं-तिघं वाचणारे आहोत.

चावडीवाले काका

ताई, आंबेगाव तालुक्यातलं गाव म्हणालात म्हणून विचारतो, ते डिंभे धरणात गेलेल्यांपैकी आहे का? गाव बुडालेलं असेल तर भूसंपादनाचा निवाडा बघा. त्यात प्रत्येक गटाचे खातेदार, मयत असतील तर त्यांचे वारस, सगळे लिहिलेले असतात, आणि पुनर्वसनाच्या यादीत कुटुंबातली माणसंही. त्या निवाड्यासाठी तहसीलला नाही, भूसंपादन शाखेला अर्ज करायचा.

इंद्रायणीकाठ

काका, गाव धरणाच्या खालच्या अंगाला आहे, बुडालेलं नाही. आठवड्याने घोडेगावला (आंबेगावच्या तहसीलला) जातेय. आत्याही येणार म्हणतात.

चावडीवाले काका

मग सोपं आहे. अर्जात "गाव नमुना ६ (फेरफार), सन १९३० ते १९६५" आणि "गाव नमुना १४, सन १९१९ ते १९६५" असं स्पष्ट लिहा, "जुने रेकॉर्ड" एवढंच लिहिलंत तर परत पाठवतील. कारण म्हणून "वंशावळ" लिहा. आधारची प्रत, तुमच्या गावच्या त्या फेरफाराची नक्कल आणि कोर्ट फी स्टँप सोबत ठेवा. आणि आत्यांना दुपारच्या आत घेऊन जा, रेकॉर्ड रूमचा माणूस जेवायला गेला की लवकर येत नाही.